समुद्राचा तळ कसा बनतो, पाणी कसं फिरतं, आणि या दोहोंचा संबंध काय?

विचारलेलं थोडक्यात असं: समुद्राचा तळ कसा तयार होतो? समुद्राचं पाणी कशामुळे फिरतं? आणि पुस्तकात हे दोन वेगळे धडे असतात, तर त्यांचा एकमेकांशी काही संबंध असतो का? शेवटी एक शंकाही जोडली आहे: नद्या कोट्यवधी वर्षं गाळ ओतताहेत, तरी समुद्र भरून कसा गेला नाही? मला विचाराल तर ही शंका मूळ प्रश्नापेक्षा सरस आहे. तिचं उत्तर शेवटी देतो, कारण त्याला आधीचं सगळं लागतं.

मी तळाचे नकाशे करणाऱ्यांपैकी. प्रवाहांचा अभ्यास करणारी मंडळी वेगळी. जहाजावर कोणाचं यंत्र आधी पाण्यात जाणार यावरून त्यांच्याशी आमची भांडणं होतात. पण या कामात फार लवकर एक गोष्ट कळते: पाणी माहीत नसेल तर तळ दिसत नाही.

जहाजाच्या पोटाखाली बसवलेलं मल्टीबीम यंत्र ध्वनीचा एक आडवा पंखा खाली सोडतं आणि तळावरून येणारे प्रतिध्वनी ऐकतं. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. तळ ४००० मीटरवर असेल, तर जाऊन यायला पाच सेकंदांहून थोडा जास्त वेळ. गुणाकार सोपा, पण १५०० हा आकडा फसवा. पाणी उबदार असेल तर ध्वनी जास्त वेगाने जातो. क्षारता किंवा दाब वाढला तरी तेच. एका थरातून दुसऱ्या थरात जाताना तिरके किरण वाकतात. म्हणून दर काही तासांनी पाण्यात मोजणीचं यंत्र सोडून खोलीप्रमाणे तापमान टिपायचं. आम्ही त्याला ‘प्रोफाइल घेणं’ म्हणतो.

सुरुवातीच्या एका सफरीत रात्रीच्या वॉचला मी एकटा होतो. पहाटे तीनच्या सुमारास सपाट तळाच्या दोन्ही कडा स्क्रीनवर वर उचलायला लागल्या. मला वाटलं, आपण एका लांबलचक दरीवरून चाललोय आणि ती कुठल्याच नकाशावर नाही! मी वहीत झोकात नोंदही केली. सकाळी आमच्या वरिष्ठ बाई आल्या, एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “दरी जहाजाबरोबर वळते का रे?” बघतो तर खरंच, जहाज जिथे वळलं होतं तिथे माझी दरीही वळली होती. रात्रीतून आम्ही एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात शिरलो होतो आणि मी जुन्याच प्रोफाइलवर नकाशा काढत बसलो होतो. ती नोंद मी खोडली, पण खाडाखोड अजून त्या वहीत आहे.

आता तळाकडे वळू. बहुतेकांच्या मनात चित्र असं असतं की जमीन सगळीकडे सारखीच, जिथे सखल तिथे पाणी साचलं. किनाऱ्याजवळ हे खरं आहे. साधारण दीडशे-दोनशे मीटर खोलीपर्यंतची समुद्रबूड जमीन हा खंडाचाच भाग. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती आणि यातला बराच भाग कोरडा होता. पण खंडान्त उतार ओलांडला की खडकच बदलतो. खंडांचं कवच सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड आणि तुलनेने हलकं. महासागराचं कवच बेसॉल्ट आणि त्याच्या भाऊबंदांचं. जाडी जेमतेम ६-७ किलोमीटर, पण वजनाला भारी. दोन्ही खालच्या प्रावरणावर, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थरावर, जणू तरंगतात. जाड आणि हलकं ते उंच राहतं, पातळ आणि जड ते खाली बसतं. पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या उंचीचा आलेख काढला तर त्याला दोन टेकाडं येतात: एक समुद्रसपाटीच्या जरा वर, दुसरं चार-पाच किलोमीटर खाली. मधल्या उंचीची जागा फार थोडी. सगळीकडे एकच खडक असता तर टेकाडही एकच आलं असतं. म्हणजे उद्या सगळं पाणी उपसून टाकलं तरी तो खड्डा खड्डाच राहील.

हा जड खडक बनतो कुठे? महासागरांच्या आत साधारण ६५,००० किलोमीटर लांबीची एक पर्वतरांग आहे. अटलांटिकच्या मधोमध, हिंदी महासागरात उलट्या ‘वाय’च्या आकारात, पॅसिफिकमध्ये पूर्वेकडे सरकून, अशी ती पृथ्वीला वेढते. या रांगेच्या माथ्यावर भूपट्ट (पृथ्वीच्या बाहेरच्या टणक थराचे प्रचंड तुकडे) एकमेकांपासून दूर जातात आणि मधली जागा भरायला खालचं प्रावरण वर येतं.

इथे एक गैरसमज काढला पाहिजे. कवचाच्या खाली शिलारसाचा समुद्र उकळत नाहीये. प्रावरण घन आहे. १३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापलेलं, तरी घन, कारण वरचा दाब त्याला वितळू देत नाही. ते वर चढतं तेव्हा तापमान फारसं उतरत नाही, दाब मात्र झपाट्याने उतरतो आणि खडक वितळायला लागतो. कोणी जादा उष्णता दिली म्हणून हे होत नाही, वरचं ओझं कमी झालं म्हणून होतं. वितळतो तोही थोडाच भाग. पण तो रस हलका असल्यामुळे गोळा होऊन वर येतो, आणि त्यातूनच ते ६-७ किलोमीटरचं कवच तयार होतं.

माथ्यावर बाहेर पडलेला लाव्हा जवळजवळ गोठणबिंदूला असलेल्या पाण्याला भिडतो. क्षणात त्याच्यावर काचेची साल धरते, आतला रस साल फोडून पुढे सरकतो, त्यावर पुन्हा साल. उशांचे ढीग रचल्यासारखा खडक होतो आणि त्याचं नावच उशी-लाव्हा आहे. त्याच्या खाली उभ्या भिंती असतात: ज्या भेगांतून रस वर आला त्या तिथेच थिजलेल्या. सगळ्यात खाली सावकाश थंड झालेला भरड कणांचा गॅब्रो. हे बघायला दर वेळी पाणबुडीच लागते असं नाही. सायप्रसच्या ट्रूडोस पर्वतात आणि ओमानमध्ये जुन्या समुद्रतळाचे तुकडे जमिनीवर ढकलले गेले आहेत आणि तिथे हा सगळा छेद पायी चालत बघता येतो. त्या उभ्या भिंतींत एक गंमत दिसते. रस भेगेत शिरला की भिंतीच्या दोन्ही कडा आधी गोठतात, म्हणून तिथले कण बारीक. पण तिथे कित्येक भिंतींना एकच बारीक कड असते. दुसरी कुठे गेली? पुढची भेग बरोबर त्या भिंतीच्या मधून गेली आणि तिचा अर्धा भाग पलीकडच्या भूपट्टाबरोबर निघून गेला. समुद्र मधोमध फाटत रुंद होतो याचा इतका साधा, बोट ठेवून दाखवता येईल असा पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

ही रांग सापडण्याची कथा मोठी आहे, मी आटोपती घेतो. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मेरी थार्प जहाजांनी आणलेल्या प्रतिध्वनीच्या आकड्यांवरून अटलांटिकचे छेद काढत होत्या. बाई म्हणून त्यांना स्वतः जहाजावर जायची परवानगी नव्हती. प्रत्येक छेदात रांगेच्या माथ्यावर एकाच जागी खाच येते हे त्यांच्या लक्षात आलं. सहकारी ब्रूस हीझेन यांनी आधी ते ‘पोरींच्या गप्पा’ म्हणून झटकलं. पुढे भूकंपांची ठिकाणं नकाशावर मांडली तर ती त्याच खाचेत येऊन बसली. १९६२ मध्ये हॅरी हेस यांनी तळ माथ्यावर जन्मतो आणि गर्तेत, म्हणजे समुद्रातल्या अरुंद खोल खंदकात, बुडतो ही कल्पना मांडली, आणि १९६३ मध्ये फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी तिला मोजपट्टी दिली. त्यांची मापं हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग रांगेवरची होती. बेसॉल्ट थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतो. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात, त्यामुळे रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट-उलट पट्टे उमटतात, आरशात पाहिल्यासारखे.

हिशोब करून बघा. शेवटची मोठी उलटापालट सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची. तिचा पट्टा माथ्यापासून १० किलोमीटरवर सापडला, तर तळ एका बाजूला वर्षाला सुमारे १.३ सेंटीमीटर सरकला. दोन्ही बाजू मिळून अडीच. अटलांटिकचा वेग साधारण एवढाच, नखं वाढतात त्याच्या आसपासचा. पूर्व पॅसिफिकमध्ये काही ठिकाणी तो १५ सेंटीमीटरपर्यंत जातो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे पाण्याच्या बाबतीत लागणार आहे: सावकाश फाटणारा तळ खडबडीत होतो, माथ्यावर खोल दरी, बाजूंना टेकड्यांच्या ओळी, भराभर फाटणारा तळ त्यामानाने गुळगुळीत.

माथ्यावरून तळ दूर जातो तसा थंड होतो, आक्रसतो आणि खाली बसतो. आमच्या कामातलं माझं सगळ्यात आवडतं सूत्र इथलं: मीटरमधली खोली म्हणजे २५०० अधिक ३५० गुणिले तळाच्या वयाचं वर्गमूळ, वय दहा लाख वर्षांच्या एककात. अडीच कोटी वर्षांच्या तळासाठी पंचवीसचं वर्गमूळ पाच, म्हणजे ४२५० मीटर. ६ कोटी ४० लाख वर्षांच्या तळासाठी आठ, म्हणजे ५३०० मीटर. सात-आठ कोटी वर्षांनंतर उतार मंदावतो आणि सूत्र जास्त खोली सांगायला लागतं, पण तोवर ते इतकं चोख चालतं की समुद्राची खोली बघून तळाचं वय सांगता येतं. अर्थात वर गाळाचा थर किंवा ज्वालामुखीचा डोंगर बसलेला नसेल तर. याचीच दुसरी बाजू अशी की जगभरचा तळ सरासरीने तरुण असेल तर समुद्र उथळ होतात आणि पाणी खंडांवर चढतं. डायनोसॉरच्या शेवटच्या पर्वात, क्रिटेशस काळात, समुद्र इतका वर असण्याचं एक मोठं कारण हेच.

पुरेसा थंड आणि जड झालेला तळ गर्तेपाशी वाकून परत प्रावरणात शिरतो. मारियाना गर्तेचा सर्वांत खोल भाग ११ किलोमीटरला थोडाच कमी भरतो. बुडणारा हा जड पट्टच मागच्या भूपट्टाला ओढतो. माथ्यावरचा लाव्हा दोन्ही बाजूंना ढकलत असेल असं वाटतं खरं, पण मुख्य जोर ओढण्याचा आहे. म्हणून महासागराचा तळ फार म्हातारा होऊच शकत नाही. पश्चिम पॅसिफिकमधला सर्वांत जुना तळ सुमारे १८ कोटी वर्षांचा. खंडांवर ४०० कोटी वर्षांचे खडक आहेत.

आता पाणी. आधी लाटा बाजूला काढू. वाऱ्याच्या लाटेत पाणी जागच्या जागी गोल फिरतं, पुढे जातो तो आकार. शिवाय तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीखाली तिचा पत्ताही लागत नाही. त्सुनामीचं तसं नाही, तिच्यात तळापासून वरपर्यंतचं सगळं पाणी हलतं आणि तिचा वेग खोलीवर ठरतो: ४००० मीटर खोलीवर ताशी ७०० किलोमीटरच्या पुढे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीची लाट भूकंपानंतर साधारण दोन तासांनी एका उपग्रहाने खुल्या समुद्रावर टिपली, तेव्हा ती जेमतेम ६० सेंटीमीटरची होती. पुढे अभ्यासात दिसलं की दूरच्या महासागरांत ती मध्य-महासागरी रांगांना धरून गेली. रांगेवर पाणी उथळ, तिथे लाट मंद होते, म्हणून बाजूंनी रांगेकडेच वळत राहते. कोट्यवधी वर्षांपूर्वी उमटलेल्या रांगेने त्या दिवशी लाटेला वाट दाखवली.

प्रवाहांकडे येऊ. वरच्या काही शे मीटरांत सत्ता वाऱ्याची. पण वारा पाण्याला सरळ पुढे ढकलतो ही समजूत नॉर्वेचा संशोधक फ्रिट्यॉफ नानसेनने मोडली. १८९३ ते १८९६ या काळात त्याने आपलं ‘फ्राम’ जहाज आर्क्टिकच्या बर्फात मुद्दाम अडकवून वाहू दिलं. बर्फ वाऱ्याच्या दिशेने जात नव्हता. २० ते ४० अंश उजवीकडे कलून जात होता. वाल्फ्रीड एकमनने याचं गणित १९०५ मध्ये मांडलं. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात हलणारं पाणी उजवीकडे वळतं (दक्षिणेत डावीकडे). वरचा थर खालच्याला ओढतो, तो आणखी वळतो, त्याच्या खालचा आणखी. सगळ्या थरांची बेरीज केली तर पाणी वाऱ्याला काटकोनात निघून जातं. (बेसिनमधलं पाणी गोलार्धाप्रमाणे उलट-सुलट फिरतं ही थाप आहे. एवढ्याशा पाण्याला परिवलनाची दखल घ्यायला वेळच मिळत नाही.)

आता एका बाजूला व्यापारी वारे, दुसऱ्या बाजूला पश्चिमी वारे. दोन्ही आपापलं पाणी मधल्या भागात लोटतात आणि महासागराच्या मध्यावर पाण्याचा उंचवटा होतो. हजारो किलोमीटर रुंद आणि उंची फार तर एक मीटर, पण उंचवटाच. त्यावरून पाणी खाली घसरायला निघतं, परिवलन त्याला वळवतं, आणि ते उतरायचं सोडून उंचवट्याला प्रदक्षिणा घालत राहतं. हेच पुस्तकातले चक्राकार प्रवाह. पश्चिम काठाला ते अरुंद आणि जोरदार का होतात, हे हेन्री स्टॉमेलने १९४८ मध्ये उलगडलं: परिवलनाचा परिणाम विषुववृत्तापासून ध्रुवांकडे वाढत जातो, त्यामुळे चक्र पश्चिमेला रेटलं जातं. प्रवाह मोजायचं एकक स्वेरड्रुप, म्हणजे सेकंदाला दहा लाख घनमीटर. जगातल्या सगळ्या नद्या मिळून एका स्वेरड्रुपच्या आसपास भरतात. उत्तर अटलांटिकच्या पश्चिम काठाचा एकटा गल्फ स्ट्रीम फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीत ३० स्वेरड्रुपच्या घरात असतो आणि पुढे त्याच्या कित्येक पट होतो.

हिंदी महासागराचा उत्तर भाग या चौकटीत बसत नाही, कारण तिथे वारेच वर्षातून दोनदा फिरतात. सोमालियाच्या किनाऱ्याचा प्रवाह नैऋत्य मोसमी वाऱ्यांत ईशान्येकडे धावतो आणि ईशान्य मोसमीत चक्क उलटा. नैऋत्य मोसमीत तिथलं वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं, त्याच्या जागी खालचं गार, खतावलेलं पाणी वर येतं. पेरूच्या किनाऱ्यालाही तेच, आणि एल निन्योच्या वर्षी हे बिनसतं. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, इथे थांबत नाही.

मला जास्त बोलायचंय ते खालच्या पाण्याबद्दल. क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं सीटीडी नावाचं यंत्र तारेला बांधून तळाजवळ सोडतात. त्याच्याभोवती बाटल्यांचं कडं असतं आणि हव्या त्या खोलीवर एकेक बाटली बंद करता येते. विषुववृत्ताजवळ, डेकवर अंगाची लाही होत असताना, ४००० मीटरवरची बाटली वर आली की तिच्यावर बाहेरून घाम फुटतो. नळी सोडून हात खाली धरला की बोटं बधिर होतात: पाणी दीड-दोन अंशांचं. तिथल्या तिथे ते इतकं गार कधीच झालेलं नसतं. ते ध्रुवांकडून आलंय.

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यासारखं चार अंशांना सर्वांत जड होत नाही. त्यातल्या क्षारांमुळे ते गोठेपर्यंत, म्हणजे उणे १.९ अंशांच्या आसपासपर्यंत, जड होतच जातं. अंटार्क्टिकाच्या वेडेल आणि रॉस समुद्रांत बर्फ धरताना मीठ बाहेर टाकलं जातं. उरलेलं पाणी आणखी खारट, आणखी जड होऊन तळाला बसतं आणि उत्तरेकडे सरपटत निघतं. दुसरा मोठा स्रोत उत्तर अटलांटिकच्या टोकाला. ग्रीनलंड आणि आइसलँड यांच्यामधल्या पाण्याखालच्या उंबरठ्यावरून गार पाणी अटलांटिकच्या खोलात तीन किलोमीटरहून जास्त खाली उतरतं. जगातला सर्वांत मोठा धबधबा तोच, फक्त तो दिसत नाही.

‘उंबरठा’ शब्द आला, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे सुरू होतं. तळाचं पाणी हवं तिथे जाऊ शकत नाही. रांगा त्याला भिंतीसारख्या आडव्या येतात. अंटार्क्टिकाचं पाणी अटलांटिकच्या पश्चिम भागातून उत्तरेला जातं. पूर्व भागात त्यातलं बरंच शिरतं ते विषुववृत्ताजवळच्या रोमांश भेगेतून, जिथे मधली रांग तुटून बाजूला सरकली आहे. भूमध्य समुद्राचं जास्त खारट पाणी जिब्राल्टरच्या उंबरठ्यावरून बाहेर सांडतं आणि अटलांटिकमध्ये हजारेक मीटरवर जाऊन पसरतं. हे उंबरठे आणि भेगा भूपट्टांनीच घडवलेल्या. दक्षिण अमेरिका अंटार्क्टिकापासून तुटली आणि ड्रेकचा मार्ग उघडला, म्हणून अंटार्क्टिकाभोवती अखंड फिरणारा प्रवाह शक्य झाला. तो तिथे १३० ते १७० स्वेरड्रुप वाहतो आणि वाटेतल्या रांगांना वळसे घालत जातो. उलट, सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची पट्टी जोडली गेली आणि अटलांटिक-पॅसिफिकमधली वाट बंद झाली.

पण याहून जास्त मजेशीर भाग पुढे आहे. पुस्तकात लाल-निळ्या फितीचं चित्र असतं: उबदार पाणी वरून जातं, गार होऊन बुडतं, खालून परत येतं. ते चित्र मला आवडत नाही. बुडायला पाणी जड व्हावं लागतं, हे ठीक. पण वर कसं येणार? जड पाणी खाली साचत गेलं तर काही हजार वर्षांत खोल समुद्र गार, साचलेल्या पाण्याने भरून जाईल आणि बुडणंच थांबेल. त्याला वर आणायला कोणीतरी काम करावं लागतं. एक काम वारा करतो: अंटार्क्टिकाभोवतीचे पश्चिमी वारे वरचं पाणी उत्तरेला लोटतात आणि खोलातलं पाणी त्याच्या जागी उपसलं जातं. दुसरं काम चंद्र करतो. भरती-ओहोटीचं पाणी तळावरच्या डोंगरांवरून दिवसातून दोनदा मागेपुढे होतं, तेव्हा पाण्याच्या आतल्या थरांमध्ये लाटा उठतात. पृष्ठभागावर त्या जेमतेम जाणवतात, पण आत त्या शेकडो मीटर उंच होऊ शकतात. त्या फुटल्या की गार आणि उबदार पाणी घुसळलं जातं आणि खालचं पाणी हळूहळू हलकं होऊन वर येतं.

१९९०च्या दशकात दक्षिण अटलांटिकमधल्या ब्राझील खोऱ्यात हे मोजलं गेलं. खोऱ्याच्या पश्चिमेला गुळगुळीत तळावर घुसळण जवळजवळ नाहीच. पूर्वेला, मध्य अटलांटिक रांगेच्या खडबडीत उतारांवर ती कित्येक पटींनी जास्त. आता मघाचा फरक आठवा: सावकाश फाटणारा तळ खडबडीत. भूपट्टांचा वेग तळाचा खडबडीतपणा ठरवतो, आणि तो खडबडीतपणा खोलातलं पाणी किती घुसळलं जाईल ते ठरवतो. दोन धडे वेगळे कसे ठेवणार?

उलटंही आहे, पाणी तळावर काम करतं. नव्या तळाच्या भेगांतून पाणी आत मुरतं, तापतं आणि वर फुटतं. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ ‘ॲल्विन’ पाणबुडीतून असे झरे पहिल्यांदा दिसले. १९७९ मध्ये पूर्व पॅसिफिकमध्ये ३५० अंशांच्या आसपासचं पाणी काळ्या धुरासारखं ओकणाऱ्या चिमण्या सापडल्या. रांगांजवळ खडकातून बाहेर पडणारी उष्णता मोजली तर ती हिशोबापेक्षा कमी भरते. उरलेली या पाण्याने आधीच वाहून नेलेली असते.

जाता जाता, गल्फ स्ट्रीम बंद पडणार का, हे हल्ली सगळेच विचारतात. वारा वाहतोय आणि पृथ्वी फिरतेय तोवर गल्फ स्ट्रीम राहणार. मंदावू शकतं ते त्याच्याबरोबर चालणारं उत्तर अटलांटिकमधलं बुडणं-परतणं. २००४ पासून २६.५ अंश उत्तरेवर नांगरलेल्या यंत्रांची रांग ते सतत मोजते. सरासरी १७ स्वेरड्रुपच्या आसपास येते. काळजी करायची तर या आकड्याची.

राहिली गाळाची शंका. नद्यांचा बहुतेक गाळ खंडाच्या पायथ्याशीच राहतो. गंगा-ब्रह्मपुत्रेने बंगालच्या उपसागरात घातलेला पंखा सुमारे ३००० किलोमीटर लांब आहे आणि काही ठिकाणी त्याची जाडी १० किलोमीटरच्या पुढे जाते. मग मधल्या समुद्रात काय पडतं? सूक्ष्म जीवांची कवचं आणि हवेतून आलेली धूळ. चुन्याची कवचं साधारण साडेचार-पाच किलोमीटरखाली विरघळून जातात. समुद्रातल्या डोंगरांचे माथे त्यामुळे पांढरे आणि खोलगट भाग तपकिरी, अगदी हिमरेषेसारखे. ही रेषा अटलांटिकमध्ये खोल आणि पॅसिफिकमध्ये उथळ असते, कारण पॅसिफिकचं तळाचं पाणी जुनं: हजारभर वर्षं वरून पडणारी घाण कुजवत आलेलं, म्हणून कार्बन डायऑक्साइडने जास्त आम्लधर्मी. म्हणजे पाण्याचं वय तळाचा रंग ठरवतं.

त्या रेषेखाली उरते तांबडी माती. ती साचते हजार वर्षांत एखादा मिलिमीटर. तळात खुपसून गाळाचा नमुना घ्यायच्या आमच्या कोअरच्या नळीतून ती बाहेर काढली की चिकट, गुळगुळीत, दाताखाली धरली तरी कचकचत नाही (हो, आम्ही चावून बघतो, कण किती बारीक आहेत ते कळायला याहून झटपट उपाय नाही). मीटरभर नळीत दहा लाख वर्षं. याच वेगाने १० कोटी वर्षं साचली तरी शंभर मीटर होणार, आणि वाटेत तळ थंड होऊन तीन किलोमीटर खाली बसलेला असतो. खड्डा भरतो त्यापेक्षा जास्त वेगाने खोल होतो. भरून निघायची वेळ यायच्या आतच तो गर्तेशी पोचतो. तिथे काही माती समोरच्या भूपट्टाच्या कडेला खरवडली जाते, काही तळाबरोबर आत जाते, आणि तिच्याबरोबर गेलेल्या पाण्यामुळे वरचं प्रावरण वितळून गर्तेच्या पलीकडे ज्वालामुखींची रांग उभी राहते.